वाडा कोणाचा, पेठ कोणाची?

गेल्या महिन्यात आमच्या रहाटणीत एका घरची वास्तुशांत झाली. इमारत चार मजली. खाली रस्त्याकडे सहा गाळे, वर भाड्याच्या खोल्या, आणि सर्वांत वरच्या मजल्यावर घरमालकांचे बिऱ्हाड. पुढे नक्षीचा मोठा लोखंडी दरवाजा, त्यावर कमान, कमानीवर दोन सिंह, आणि फरशी घातलेल्या चार हात जागेत हार घातलेली नवी मोटार. आमच्या लहानपणी या घरचे आजोबा याच जागेवर बैल बांधीत असत. पंगतीस आम्हीही होतो. घरचा थोरला मुलगा आमचा विद्यार्थी. गणितात हुशार, तोंडी हिशेबात तर वर्गात पहिला. बारावीनंतर पुढे काय केलेस, असे आम्ही त्यास सहज विचारले. तो हसून म्हणाला, "गुरुजी, आता करायचे काय? भाडे येतेच की."

पंगत उठल्यावर त्याच्या वडिलांनी आम्हांस बाजूला घेतले आणि बँकेचा एक कागद वाचावयास दिला. शेवटची जमीन विकून आलेला पैसा इमारतीत गेला, तो पुरला नाही, म्हणून वर कर्ज काढले. सहा गाळ्यांपैकी तीन रिकामे आहेत. हप्ता मात्र दरमहा पुरा द्यावा लागतो. "हे किती वर्षे चालणार, तेवढे नीट वाचून सांगा," एवढेच त्यांचे म्हणणे. आम्ही वाचून सांगितले. पंधरा वर्षे.

येथे कोणी म्हणेल की मास्तरांच्या पोटात दुखते. तर आधीच सांगून टाकतो. आमच्याही घरी चार खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. वडिलांच्या वाट्याची जमीन गेली तेव्हा त्या पैशातून त्या झाल्या, आणि पगार लांबला त्या महिन्यांत आमची चूल त्या भाड्यावर पेटली आहे. तेव्हा भाडे खाणे हे पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. जमिनीवर जगणारे घर जेव्हा शहरात येते, किंवा शहरच त्याच्या दारात येऊन बसते, तेव्हा हाती आलेला पैसा त्याने कोठे घालावा? भिंतीत घालावा की धंद्यात? हा प्रश्न आमच्या गुंठ्यांबरोबर जन्मलेला नाही. मोठमोठ्या सरदारांपुढे तो येऊन गेला आहे आणि त्यांनी दिलेली उत्तरे इतिहासात नमूद आहेत. ती पाहण्यास आम्हांस स्टँप लागत नाही की वकील लागत नाही.

पहिले उत्तर जवळचेच, चारपाच कोसांवरच्या पुण्यातले आहे. १७३० साली शनिवारवाड्याचा पाया पडला आणि पुणे हे राज्यकारभाराचे ठिकाण झाले. दरबार तेथे, म्हणून सरदार तेथे. सरदार तेथे, म्हणून वाडे तेथे. ज्यांची सरंजामाची गावे शंभर कोसांवर, त्यांनीही पुण्यात दोन-तीन चौकांचे वाडे बांधले. वाड्यांच्या भोवती पेठा वसल्या. पहिल्या बाजीरावाच्या काळी जिवाजीपंत खासगीवाल्यांनी शुक्रवार पेठ वसविली. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने सदाशिव पेठ झाली. नाना फडणिसांनी १७९१ साली नाना पेठ वसविली. आनंदराव रास्त्यांची शिवपुरी पुढे रास्ता पेठ झाली, आणि मालोजीराजे घोरपड्यांचे नाव घोरपडे पेठेस राहिले.

पेठ वसविणे हे मोठे शहाणपणाचे काम होते, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. पेठेस सरकारातून कौल मिळे. नव्याने येणाऱ्या उदमी व कारागिरांस काही वर्षे पट्टी माफ होई. शेटे व महाजन नेमले जात. ते दुकानांच्या जागा, वजनेमापे आणि बाजाराचे तंटे पाहत. साळी आले, सोनार आले, तांबट आले, वाणी आले. सरदाराने जागा आणि संरक्षण द्यावे, उदमी व कारागिराने बाजार उभा करावा, अशी ती वाटणी होती.

परंतु या वाटणीत पैसा कोणाच्या घरी साचला हे पाहिले पाहिजे. सरदाराचे उत्पन्न म्हणजे सरंजाम, म्हणजे आमच्या तुमच्यासारख्या कुणब्याने पिकविलेल्या धान्यावरचा सारा. तो सारा सुगीनंतर येई. शिबंदीचा पगार आणि मोहिमेचा खर्च मात्र सुगीची वाट पाहत नसे. म्हणून सरदार सावकाराकडे जाई, व्याजाने रक्कम उचली आणि पुढच्या वसुलाची वरात त्यास लिहून देई. पीक शेतात उभे असतानाच त्याचा पैसा सावकाराच्या वहीत जमा झालेला असे. खुद्द पहिला बाजीराव, ज्याचे घोडे नर्मदेपार दौडले, तो कर्जाने इतका गांजला होता की त्याच्या पत्रांतून तेच रडगाणे पुन्हा पुन्हा येते. तरी वाड्याची शोभा कोणी कमी केली नाही. व्याज वाढो, पण दिवाणखान्याची हंडी-झुंबरे उणी दिसता कामा नयेत! काही सरदार स्वतःही व्याजबट्टा करीत हे खरे. पण पेठेस नाव सरदाराचे आणि पेठेतली गादी सावकाराची, हाच सर्वसाधारण प्रकार होता.

मग काय झाले ते पाहा. १७९८ साली शिंद्यांच्या खर्चासाठी सर्जेराव घाटग्यांनी पुण्यातल्या धनवंतांचे हाल करून पुरलेला पैसा बाहेर काढविला. १८०२ साली होळकरांच्या फौजेने शहर लुटले. १८१८ साली राज्यच बुडाले. ज्या शहराची वस्ती लाखावर होती ती १८५१ पर्यंत सुमारे ७३ हजारांवर आली, कारण दरबार गेल्यावर शेले, पागोटी, दागिने आणि हत्यारे यांना गिऱ्हाईक उरले नाही. १८२८ साली शनिवारवाडा जळाला. १८७९ साली बुधवारवाडा जळाला. आज तट, दरवाजे आणि जोती पाहावयास लोक तिकीट काढून जातात. पण कसब्यात तांबट आळी आहे. तेथे आजही तांब्यावर हातोडा पडतो आणि त्याचा आवाज रस्त्यावर ऐकू येतो. धन्याचा वाडा गेला, तांबटाची ऐरण राहिली. या एका गोष्टीवर आमच्या कारागीर बांधवांनी विचार करावा, आणि शेतकरी बांधवांनी तर जास्तच करावा.

कोणी म्हणेल, हा आमच्याच लोकांच्या नशिबाचा खेळ. तसे नाही. सातासमुद्रापलीकडे स्पेन नावाचा देश आहे. तेथील सरदारांनी पुण्याच्या दोनशे वर्षे आधी हाच डाव खेळून पाहिला. तेथील राजा दुसरा फिलिप याने १५६१ साली आपला दरबार माद्रिद शहरी नेला. झाले! देशभरचे जहागीरदार आपली शेते कारभाऱ्यांवर सोपवून माद्रिदला वाडे बांधू लागले. दरबारच्या माणसांना उतरण्यास जागा पुरेना, तेव्हा शहरातील घरवाल्यांनी आपल्या घराचा अर्धा भाग दरबारी लोकांस द्यावा असा राजाचा हक्क होता. ज्या घराची अशी वाटणी होण्याजोगी नसे ते घर या सक्तीतून सुटे. मग लोकांनी युक्ती काढली. रस्त्यावरून पाहिले तर घर बैठे दिसावे आणि आतल्या बाजूस मजला चढलेला असावा! अशा घरांना माद्रिदचे लोक कावेबाज घरे म्हणत. मंजूर नकाशात दोन मजले आणि प्रत्यक्षात चार, ही आमच्या भागातली विद्या फार जुनी आहे, एवढेच येथे सांगतो.

त्या देशात अमेरिकेतील खाणींची चांदी जहाजे भरभरून येत होती. तिचे बंदर सेव्हिल. तेथील सगळेच सरदार आळशी होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. कित्येकांची शहरात दुकाने होती, घरे होती, गिरण्या होत्या, भट्ट्या होत्या. काहींनी अमेरिकेच्या व्यापारात पैसा घातला. मेदिना सिदोनिया घराण्याचे ड्यूक तर समुद्रात मोठी जाळी लावून टुना मासा धरण्याच्या धंद्याचे धनी होते. परंतु दुकान बहुधा भाड्याने दिलेले, आणि गिरणी मक्त्याने. स्वतःच्या हाताने धंदा करणे त्यांस कमीपणाचे वाटे. राजाचे कर्जरोखे घ्यावे, व्याज खावे, ही त्यांची आवड. आणि राजा तर १५५७, १५७५ आणि १५९६ असा एकाच कारकिर्दीत तीनदा सावकारांपुढे हात वर करून मोकळा झाला. चांदी स्पेनच्या बंदरात उतरली आणि जिनोआच्या सावकारांच्या तिजोरीत जाऊन बसली.

आणखी दोन गोष्टी त्या देशाच्या सांगण्यासारख्या आहेत. पहिली वारशाची. तेथे १५०५ सालच्या कायद्याने बांधलेली अशी एक वहिवाट होती की जहागीर अखंड राहावी, ती बहुधा थोरल्या मुलास जावी आणि विकता येऊ नये. धाकटे मुलगे फौजेत किंवा मठात, मुलींची वाट लग्नाच्या हुंड्यापुरती. जहागीर विकता येत नसे, पण राजाची परवानगी काढून तिच्यावर कर्ज घेता येई. ते घेत गेले. घराण्याचे नाव मोठे होत गेले आणि व्याजही मोठे होत गेले.

दुसरी गोष्ट कुळांची. व्हॅलेन्सिया प्रांतातील जहागीरदारांची शेते मुख्यतः मोरिस्को लोक करीत. हे पूर्वी मुसलमान असलेले आणि पुढे बाप्तिस्मा दिलेले कष्टाळू शेतकरी होते. १६०९ सालापासून पाच वर्षांत राजाने त्यांना देशाबाहेर घालवून दिले. सुमारे तीन लाख माणसे गेली. मागे काय राहिले? ओसाड पाट, पडीक रान, खंड न मिळणारे जहागीरदार, आणि त्या जहागिरीवर कर्ज दिलेले शहरचे सावकारही डोक्यास हात लावून बसलेले. कुळे होती तोवर त्यांची किंमत कोणास कळली नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे आमच्या चाळींकडे येऊ तेव्हा ती लागेल.

शेवटी १७८३ साली, अडीचशे वर्षे वाया गेल्यावर, कार्लोस तिसरा या राजाने हुकूम काढला की कातडी कमावणारा, लोहार, शिंपी, चांभार, सुतार यांचे धंदे मानाचे आहेत आणि ते केल्याने कोणाचे कुळ हलके होत नाही. वाचकहो, हुकूम काढून का कोठे हातास मान मिळतो? तो आधी घरात मिळावा लागतो. पण उशिरा का होईना, त्या राजास हे कळले, याबद्दल आम्ही त्याचे अभिनंदन करतो.

आता ज्यांनी निराळे उत्तर दिले त्यांच्याकडे येऊ. तीही आपलीच माणसे आहेत. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातला एक मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तेच सयाजीराव महाराज. त्यांनी राजवाडा बांधला हे खरे. पण १८९० साली कलाभवन काढून हातांना विद्या दिली आणि १९०८ साली बँक ऑफ बडोदा स्थापन केली. गायकवाडांचे राज्य संपले, बँक आजही देशातील मोठ्या सरकारी बँकांत मोजली जाते. सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडच्या पाटलांचे वंशज म्हणजे ग्वाल्हेरचे शिंदे. १८७४ साली त्यांचा जयविलास महाल झाला. आज त्याचा काही भाग वस्तुसंग्रहालय आहे. त्याच घराण्यातील माधवराव महाराजांपुढे आणखी एक संधी आली. १९०७ साली टाटांची पोलादाची कंपनी निघाली. लोकांनी भाग घेतले, पण कारखाना चालविण्यास खेळते भांडवल हवे होते. तेव्हा चार लाख पौंडांचे सारे कर्जरोखे माधवराव महाराजांनी एकट्यांनी घेतले. जमशेदपूरचे पोलाद त्या पैशानेही शिजले आहे. आमच्या गावातील किती घरांची चूल पुढे टाटांच्या टेल्कोतील पगारावर पेटली, हे प्रत्येकाने आपल्या आळीत मोजून पाहावे. महालात घातलेल्या रुपयाची सावली महालापुरती पडली. कारखान्यात घातलेल्या रुपयाची सावली कोठवर गेली पाहा!

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची व्यापारपेठ वसविली आणि तेथे गुळाचा बाजार भरला. १९०६ साली कापडगिरणीचा पाया घातला. १९१७ साली रेल्वेच्या कडेला जयसिंगपूर हे नवे बाजारपेठेचे गाव उभे केले. गिरणी पुढे बंद पडली हे आम्ही लपवीत नाही. धंद्यात बूड येते. पण शाहूपुरी आणि जयसिंगपूरचे बाजार आजही चालू आहेत. आणि शहरातील घरबांधणीचा त्यांनी केलेला ध्यानात ठेवण्यासारखा खर्च कोणता? बोर्डिंगे! १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचे बोर्डिंग निघाले आणि त्यापाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य, शिंपी अशा एकेका समाजाच्या मुलांस शहरात राहावयास छप्पर मिळाले. त्या खोल्यांचे भाडे पैशात आले नाही. ते मास्तर, वकील, डॉक्टर, मामलेदार होऊन पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले. गंगाराम कांबळे यांस महाराजांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढून दिले आणि स्वतः गाडी थांबवून तेथला चहा घेतला, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. ती समतेची गोष्ट म्हणून सांगतात, व ती आहेच; पण ती भांडवलाचीही गोष्ट आहे. ज्याच्यापाशी काही नाही त्याच्या हाती धंदा देणे आणि पहिले गिऱ्हाईक आपण होणे, हे कोणत्याही श्रीमंतास जमण्यासारखे आहे. फार थोड्यांनी ते केले.

आणि पुण्याचेच एक घर. बुधवार पेठेतील तात्यासाहेब भिडे यांनी १८४८ साली आपल्या वाड्यात जोतीराव फुल्यांना मुलींची शाळा भरवू दिली. पुण्यात त्याहून मोठे, त्याहून देखणे वाडे शेकड्यांनी होते. त्यांतल्या किती मालकांची नावे आज कोणास आठवतात? भिड्यांचे नाव राहिले, कारण त्यांनी वाड्यात कोणास शिरू दिले हे लोकांनी पाहिले. २०२३ साली स्मारकासाठी तो जुना वाडा पाडला गेला. जे त्यात सुरू झाले ते पाडता येण्यासारखे नाही. खुद्द जोतीरावही भाषणे करून पोट भरीत नव्हते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ते भागीदार होते, बांधकामाचे मक्ते घेत होते, आणि धंद्यातला पैसा कामास लावीत होते. ज्या गंज पेठेत ते राहिले तिला आज त्यांचेच नाव आहे. पेठेस नाव देण्यास सरदारच असावे लागते असे नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना आला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले व कारखान्यांची रांग लागली. कामगारांना घरे हवीत म्हणून १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि रहाटणी, थेरगाव, वाकड, निगडी, आकुर्डी, भोसरी अशा गावांच्या जमिनीवर संपादनाची नोटीस आली. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के परताव्यासाठी शेतकऱ्यांस किती वर्षे भांडावे लागले ते येथे पुन्हा सांगत नाही. २०२१ साली ते प्राधिकरणही विसर्जित झाले. १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे हिंजवडीस संगणकाच्या कंपन्या आल्या आणि उरलेल्या गुंठ्याचा भाव आमच्या आज्याच्या हिशेबाबाहेर गेला. जोंधळ्याच्या रानात टॉवर उभे राहिले. आमच्या शेजारच्या पिंपळे गावाच्या नावातच सौदागर आहे. पण सौदा करणारे बहुतेक बाहेरचे आणि सही करणारे आपण!

थोडक्यात, कालचा कुणबी आज छोटा जहागीरदार झाला. त्याचे सरंजाम म्हणजे खोल्या व गाळे. आणि जुन्या जहागीरदारांची दुखणी त्यास न बोलावता जडली आहेत. मुलाने धंदा करावयाचा नाही, कारण भाडे येते. लग्नात मांडव असा पडला पाहिजे की चार गावांनी बोलावे. हप्ता बँकेचा असो की खासगी सावकाराचा, कमानीवरचे सिंह उणे दिसता कामा नयेत. आपल्याच गाळ्यात बाहेरून आलेला माणूस किराणा मांडतो, दहा वर्षांत शेजारचा गाळा विकत घेतो, आणि मालकाचा मुलगा त्याच्याच दुकानासमोर मोटारसायकलवर बसून दिवस काढतो. त्या दुकानदारावर आमचा राग नाही. तो पहाटे पाचला शटर उघडतो; त्याचे कष्ट आम्ही पाहतो. राग आहे तो आपल्या झोपेवर.

वारशाची गोष्टही तीच. महाराष्ट्राने १९९४ साली व सर्व देशाने २००५ साली मुलीस वडिलार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. आमच्या गावांत काय होते? पैसे येण्याच्या आदल्या दिवशी बहिणीस माहेरी बोलावतात, साडीचोळी करतात आणि हक्कसोड पत्रावर तिची सही घेतात. स्पेनच्या सरदारांनी कायद्याने जे केले ते आपण कायदा मोडून न दिसेल असे, गोड बोलून करतो. जी बहीण खुरपणीस होती, जिने गुरे राखली, ती वाटणीच्या वेळी पाहुणी कशी होते?

आणि भाडेकरू. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-नेपाळातून आलेली ही माणसे दहा बाय दहाच्या खोलीत पाच-पाच जण राहतात. सहा खोल्यांस एक संडास, पाणी सकाळी अर्धा तास. खोलीचे भाडे घेतो ते रोख. पावती नाही, करार नाही. त्यांची मुले आमच्या वर्गात आहेत. आम्ही रोज पाहतो की मालकाचा मुलगा मागच्या बाकावर आणि भाडेकरूची मुलगी पहिल्या बाकावर. जिन्यातल्या दिव्याखाली अभ्यास करून ती वर्गात पहिली येते. तिच्या बापाने एक दिवस खोली सोडली आणि त्याच्यासारख्या हजारांनी सोडली, तर चार मजल्यांची किंमत काय राहील? व्हॅलेन्सियाचे जहागीरदार हा हिशेब शिकले, पण रान ओस पडल्यावर.

जमीन नव्हती त्या आमच्या कारागीर घरांचे तर कोणी नावच काढीत नाही. सुतार, लोहार, कुंभार यांस संपादनाचा पैसा मिळाला नाही, कारण सातबाऱ्यावर त्यांचे नाव नव्हते. ज्या वास्तुशांतीची गोष्ट आम्ही आरंभी सांगितली तिथला नक्षीचा लोखंडी दरवाजा आमच्याच गावच्या एका लोहाराच्या मुलाने घडविला आहे. तो आयटीआय शिकला, भोसरीच्या एका वर्कशॉपात सहा वर्षे राबला आणि आता पत्र्याच्या शेडमध्ये स्वतः वेल्डिंग करतो. दोन पोरे त्याच्या हाताखाली आहेत. काम रोज नाकारावे लागते, कारण यंत्र ठेवण्यास जागा नाही.

मग आम्ही काय सुचवितो? मोठे काही नाही. जमिनीचा किंवा परताव्याचा पैसा येईल तेव्हा घरातली सर्व माणसे, बायका व मुलीसुद्धा, एकत्र बसवून त्याचे भाग करावेत: एक राहत्या घराचा, एक धंद्याचा, एक मुलामुलींच्या शिक्षणाचा आणि एक अडीनडीचा. बहिणीचा वाटा आधी काढावा. इमारत बांधणेच असेल तर कर्ज काढून कमान उभारू नये. खाली सहा गाळे असतील तर एक तरी आपण स्वतः चालवावा; पहिल्या वर्षी नफा झाला नाही तरी मुलगा पहाटे उठावयास शिकेल, हा नफा लहान नाही. एका घरास झेपत नसेल तर चार घरांनी भागीदारी करावी व कागद चोख ठेवावेत. भाडेकरूस पावती, पाणी आणि माणसासारखा संडास द्यावा. आणि ज्या घरांस देवाने चार मजले दिले, त्यांनी एका मजल्याची एक खोली गावातील व बाहेरच्या मुलामुलींस रात्री अभ्यासास मोकळी ठेवावी. शाहू महाराजांनी अख्खी बोर्डिंगे बांधली. आपल्याकडून एक खोली होऊ नये?

"धंदा बुडाला तर?" हा प्रश्न आम्हांस हमखास विचारतात. बुडू शकतो. कोल्हापूरची गिरणीही थांबली. म्हणूनच सारा पैसा धंद्यात घाला असे आम्ही म्हटले नाही; एक भाग म्हटले. पण भाडे बुडत नाही हा समज आधी सोडावा. तीन रिकाम्या गाळ्यांचा हप्ता भरणाऱ्या बापास ते विचारावे. आणि धंद्यात पैसा बुडाला तरी हातात आलेले कसब बुडत नाही. बसून खाणाऱ्याचा पैसा गेला की त्याच्याजवळ काहीच उरत नाही.

गेल्या रविवारी आम्ही त्या घरी पुन्हा गेलो. बाप-लेक दोघेही होते. आम्ही एवढेच म्हटले की तुमचे तीन गाळे रिकामे आहेत, लोहाराच्या पोरास जागा नाही. तुमचा मुलगा हिशेबात पक्का आहे, त्यास हिशेब ठेवणारा भागीदार हवा आहे. मागचा गाळा रस्त्यापासून आत आहे, आवाजाचा त्रासही कोणास होणार नाही. बाप काही बोलले नाहीत. मुलगा खाली पाहत राहिला, आणि मग त्याने विचारले, "गुरुजी, वेल्डिंगच्या यंत्रास वीज किती लागते?"

त्याचा आकडा आम्हांस ठाऊक नव्हता. आम्ही त्यास लोहाराच्या शेडकडे पाठविले आहे.

रहाटणीचा एक शाळामास्तर